मोडी कागद लॅमिनेट करू नका

2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधात माळ्यावरची जुन्या मोडी लिपीतल्या कागदांची गाठोडी खाली उतरू लागली. जुन्या दप्तराला भाव आला, हे चांगलंच. पण काम झालं की कागद झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून आणायचा, ही खोड वाईट. तापलेलं प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, आतली ओल आणि आम्ल आतच कोंडतं. पुढे दुरुस्ती करायची म्हटली तरी हात घालायला जागा उरत नाही. सेलोटेपचंही तेच, त्याचा गोंद पिवळा पडून अक्षरांत उतरतो.

पेशवाईतला कागद चिंध्यांच्या लगद्याचा, हाताने केलेला, आणि शाई काजळाची. ही शाई उजेडाने सहसा उडत नाही, पाण्याने मात्र पसरते. म्हणून ओलं फडकं लावायचं नाही. मऊ कोरड्या ब्रशने मधून कडेकडे धूळ झाडायची. त्यापेक्षा आजोबांच्या काळातला गिरणीचा कागद जास्त नाजूक, घडीवरच तुटतो. तो सपाट ठेवा.

बांधायला सुती रुमालच उत्तम, पण कोरं मांजरपाट आधी दोन-तीनदा धुऊन खळ काढा. खळीवर कसर, म्हणजे कागद-कापड खाणारी कीड, येते. रंगीत कापड नको, ओल लागली की रंग उतरतो. पावसाळा सरला की रुमाल सोडून सावलीत वारा द्या, उन्हात नको.

फोटो काढताना शेजारी मापाची पट्टी ठेवा आणि पाठीचाही काढा. लांब कागद जोडून केलेला असेल तर जोडावरचा शिक्का मागेच सापडतो. पाठ कोरी दिसते म्हणून तीच नेमकी राहून जाते.

आता तारीख. ‘सु॥ इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे 2, 70, 100 आणि 1000, एकूण 1172. हा शुहूर सन (‘सु॥’ म्हणजे तोच), जुन्या मराठी कागदांत अरबी शब्दांत लिहिला जाणारा, मृग नक्षत्राला बदलणारा. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला 599 मिळवा, जानेवारीनंतरच्याला 600, म्हणजे इ.स. 1771-72. आकडे अरबी दिसले म्हणून हिजरी (इस्लामी) सन धरलात तर 1758-59 निघेल आणि माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीतला कागद पानिपताच्या आधी जाऊन बसेल.