तुम्ही विचारलंत म्हणून: मी कांदा का खात नाही?

नाही, माळ घातलेली नाही. चातुर्मासही पाळत नाही. माहेर निफाड तालुक्यातलं, घरामागे कांद्याची चाळ, माझी बीएडची फी कांद्याच्या पट्टीतून भरलेली. अशा घरची बाई पंगतीत "यात कांदा आहे का हो?" विचारते तेव्हा लोकांना नखरे वाटतात, कळतं मला. हल्ली वर आणखी ऐकावं लागतं: "अहो, कांदा-लसूण तर प्रीबायोटिक, आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाणं! तुम्ही विज्ञान शिकवता ना?"

शिकवते. कांदा, लसूण, गहू यांत फ्रुक्टान असतात, म्हणजे एक प्रकारची कर्बोदकं. ते पचवणारं विकर माणसाकडे नाही. ते तसेच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू ते आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल तयार होतं आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना ऊर्जा मिळते. सगळं मान्य. पण आंबताना वायूही होतो. तुमच्याही पोटात होतो. मला आयबीएस आहे, म्हणजे आतडी फार संवेदनशील असण्याचा विकार; माझ्या आतड्यांना तेवढाही ताण सोसत नाही.

तरी वर्षानुवर्षं मी खातच होते. थांबले ती दहावीच्या परीक्षेत पर्यवेक्षक होते त्यानंतर. केंद्र माहेराजवळ, म्हणून दादाकडे उतरले होते. सकाळी निघताना वहिनीने ताकात फायबरची पावडर घालून दिली. "घ्या ताई, पोट साफ राहतं." डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं, चिकोरीच्या मुळाचं इन्युलिन. म्हणजे कांद्यातलाच प्रकार, फक्त चमचाभर एकदम. मी ते वाचलं संध्याकाळी.

मराठीचा पेपर, अकरा ते दोन. बाराच्या सुमाराला पोट फुगलं, परकराची नाडी काचायला लागली. वर्गात चिडीचूप, आणि माझ्या पोटात गुडगुड. पहिल्या बाकावरच्या मुलीने मान वर केली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. वर्ग सोडता येत नाही. शिपायाला सांगून बदली शिक्षक मागवले, ते आलेच नाहीत. कळ आली की मुलांकडे पाठ करून खिडकीचा गज धरायचा, ओसरली की पुरवणी द्यायला जायचं. एका पुरवणीवर सही करताना हात इतका थरथरला की त्या मुलानेच विचारलं, "मॅडम, बरं नाही का?" उत्तरपत्रिका मोजून दिल्या आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. पोटासाठी की त्या हसण्यासाठी, आजही सांगता येणार नाही.

मग आहारतज्ज्ञांनी लो-फॉडमॅप पथ्य दिलं, फ्रुक्टानसारखी आतड्यात आंबणारी कर्बोदकं कमी करायचं, मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून आलेलं. काही आठवडे बंद, नंतर एकेक पदार्थ परत सुरू करून बघायचा. हो, परत सुरू करायचा असतो. मी तिथेच अडलेय. आधीची मी मला टोचते: जिवाणूंना उपाशी ठेवतेस, दुसरं काय? तिचं खोटं नाही, या पथ्याने बायफिडोबॅक्टेरिया, म्हणजे आतड्यातले उपयोगी जिवाणू, घटतात असं अभ्यासांत दिसलंय. पण त्या दिवशी गज धरून ती उभी नव्हती.

लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकते. फ्रुक्टान पाण्यात उतरतात, तेलात नाही, म्हणून फोडणीचा वास मिळतो आणि पोट गप्प राहतं. आमटीत मात्र ही युक्ती चालत नाही. पातीच्या कांद्याची हिरवी पात चालते. दादाला हे सगळं थोतांड वाटतं.

मे महिन्याच्या सुट्टीत थोडा कांदा खाऊन बघेन. शाळा चालू असताना नाही. तोवर वाढप्याला विचारणारच, तुम्ही शेजारून "एका घासाने काय होतंय" म्हणू नका.