आमची वाटचाल: सव्वाचौदा इंचांचा हिशेब

आम्ही बगी बांधतो, म्हणजे जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या तळावर फायबरग्लासची उघडी बॉडी बसवलेली हलकी गाडी. आमच्या धंद्याची सगळी अब्रू सव्वाचौदा इंचांवर उभी आहे. बीटलचा फ्लोअरपॅन (गाडीचा पत्र्याचा तळ) तेवढाच, म्हणजे ३६२ मिलिमीटर, कापायचा आणि २,४०० मिलिमीटरचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) २,०३८ वर आणायचा. ब्रूस मेयर्स यांनी १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात मँक्स नावाची पहिली बगी बांधली, ती अशी नव्हती. पहिल्या १२ गाड्या मोनोकॉक होत्या: फायबरग्लासच्या बॉडीतच लोखंडी सांगाडा आणि त्यालाच फोक्सवॅगनचे सस्पेन्शन. होड्या बांधणारा माणूस, त्यांना हे सुचणारच. पण ती रचना परवडेना. मग त्यांनी बॉडी आखूड केलेल्या बीटलच्या पॅनवर बसवायला घेतली, आणि तिथपासून जगभरच्या बगीवाल्यांच्या वाट्याला हा कापण्या-जोडण्याचा उद्योग आला. आम्ही तोच करतो, आणि चोख करतो.

सुरुवात दोघांनी केली, एक फायबरग्लासवाला आणि एक वेल्डर. वेल्डरला सगळे मिस्त्रीच म्हणत, म्हणून इथेही तेच म्हणतो. भांडवल म्हणजे एक ग्राइंडर, एक मिग वेल्डिंग मशीन, ओळंबा, गुण्या आणि मिस्त्रींनी स्वतः बांधलेला जिग, म्हणजे पॅन पक्का धरून ठेवणारा सांगाडा. त्या जिगबद्दल चार ओळी जास्त लिहिणार, कारण आज दुकान उभे आहे ते त्याच्यामुळे. पुढे फ्रेम हेडला (पॅनच्या पुढच्या टोकाला) पुढच्या अॅक्सलचा बीम जोडणारे चार बोल्ट बसतील असे ठोकळे. मागे टॉर्शन ट्यूबची (मागच्या सस्पेन्शनच्या आडव्या नळीची) दोन्ही टोके धरणारा पूल. हा पूल दोन रुळांवर पुढे सरकतो आणि ३६२ मिलिमीटरवर खुंटीला अडकतो. पुढचे ठोकळे आणि मागचा पूल एका पातळीत आहेत की नाही, ते मिस्त्री दर सोमवारी लेव्हल लावून बघत. आता ते दुकानात नसतात, पण सोमवारची तपासणी आम्ही एकदाही चुकवलेली नाही.

तिसऱ्या वर्षी दुकान बुडता बुडता वाचले. मिस्त्री दोन महिने आजारी होते आणि हातात चार पॅनचे काम होते. ते आम्ही बाहेरच्या एका वर्कशॉपला दिले. नाव लिहीत नाही; या धंद्यातल्यांना ते माहीत आहे. सोबत आमची एक तयार बॉडी पाठवली, जोडलेल्या पॅनवर ठेवून बोल्टची भोके जुळवून बघायला. पॅन परत आले ते दिसायला झकास. रंग लावून, सांधे घासून गुळगुळीत केलेले. आम्ही विश्वास ठेवला, गाड्या बांधल्या आणि दिल्या.

महिन्याभरात चारही परत. एक डावीकडे ओढत होती, दोघींचे मागचे टायर आतल्या बाजूने खाल्ले जात होते, चौथीचा दुसरा गिअर टाकताना रिव्हर्स लागत होता. पॅन जिगवर चढवले तेव्हा दोन कर्णांत ११ मिलिमीटरचा फरक निघाला. आम्ही २ मिलिमीटरच्या वर सोडत नाही. टनेलच्या (पॅनच्या मधोमध जाणाऱ्या पोकळ कण्याच्या) एका बाजूचा सांधा या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढला होता. तापलेला पत्रा थंड होताना आकसतो आणि सगळा पॅन त्या बाजूला ओढून घेतो. पहिलीच्या ओढीचे आणि टायर खाण्याचे कारण हेच. मधल्या सांध्याआड आधाराची पट्टी नव्हती, वरून घासल्यावर वेल्डचा अर्धा जीव गेलेला. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले की पॅन आमच्याकडूनच वाकडे आले होते. चारही पॅन आम्ही पदरमोड करून नव्याने केले. त्या वर्षी दुकानात पगार निघाला नाही.

ते पॅन कसे व्हायला हवे होते, ते इथे लिहून ठेवतो. आधी टाकी रिकामी करा आणि टनेलच्या आतून जाणारी पेट्रोलची नळी पूर्ण बाहेर ओढून काढा. टाकी रिकामी असली तरी नळीत पेट्रोल उरते आणि ग्राइंडरची पहिली ठिणगी तिथेच पडते. पॅन जिगवर पक्का केल्याशिवाय कापू नका. टनेल एका रेषेत कापा, पण जमिनीच्या पत्र्याला २५ मिलिमीटरची जीभ ठेवा, म्हणजे पत्रा पत्र्यावर चढेल. टनेलच्या आत २ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या बसवा. पूल सरकवून आधी नुसते वेल्डचे टाके मारा, दोन्ही कर्ण मोजा, फ्रेम हेडवर आणि टॉर्शन ट्यूबवर लेव्हल ठेवून पीळ बघा. मगच वेल्ड करा, तोही २५ मिलिमीटरच्या तुकड्यांत: एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, एकदा वर, एकदा खाली. पत्र्यावर तळहात टेकवता येईल इतका तो निवल्याशिवाय पुढचा तुकडा घेऊ नका. आम्हाला एका पॅनला दीड दिवस लागतो, आणि तो लागलाच पाहिजे.

टनेलच्या आतल्या नळ्यांकडे कुणी बघत नाही. क्लच, अॅक्सिलरेटर आणि हँडब्रेक यांच्या केबलींच्या नळ्या तेवढ्याच कापून सरळ रेषेत जोडाव्या लागतात. आत वेल्डचा एक थेंब उतरला तरी केबल तिथे घासून तुटते. गिअरचा दांडा कापण्याआधी त्याच्यावर लांबीभर एक रेघ ओढून घ्या. जोडताना दोन्ही तुकड्यांवरची रेघ एकमेकींसमोर आलीच पाहिजे. दांडा थोडा जरी फिरला तरी दुसरा आणि रिव्हर्स यांची गल्लत होते. त्या चौथ्या गाडीत हेच झाले होते. आणि क्लचच्या केबलवरच्या लवचीक बाउडन नळीला २५ ते ४५ मिलिमीटरचा झोल हवा. ती ताठ बसली की क्लच सोडताना गाडी थरथरते, आणि मग लोक बिचाऱ्या क्लच प्लेटला दोष देतात.

पण खरा घाव पुढे होता. त्या वर्कशॉपमध्ये आमची बॉडी सहा आठवडे होती. तिच्यावर मेण फासून त्यांनी साचा काढून घेतला आणि वर्षभरात आमच्याच आकाराच्या बॉड्या निम्म्या किमतीला विकायला लागले. आमच्या बॉडीच्या डाव्या मडगार्डच्या आतल्या वळणावर एक बारीक खळगा होता, आमच्या साच्यातला दोष. त्यांच्या प्रत्येक बॉडीत तो खळगा आहे. मेयर्स यांच्या वाट्याला हेच आले होते. १९६७ मध्ये विक विल्सन आणि टेड मँगल्स यांनी मँक्स चालवून मेक्सिकोतल्या बाहाची मेक्सिकन १००० ही शर्यत जिंकली. मागणी वाढत गेली तशा नकलाही निघत गेल्या. मेयर्स न्यायालयात गेले, तिथे पेटंट टिकले नाही, आणि १९७१ मध्ये कंपनी बंद पडली. आम्ही वकिलाकडे जाऊन आलो आणि परत कामाला लागलो.

नक्कल ओळखायची असेल तर बॉडी उलटी करून बघा. बॉडीवरून काढलेल्या साच्यात कडा बोथट होतात, आणि फायबरग्लासमधले पॉलिस्टर रेझिन आकसते म्हणून प्रत्येक पिढीत माप थोडे थोडे चुकत जाते. पॅनची भोके जुळत नाहीत, मग लोक बॉडी ओढून बोल्ट आवळतात. ताण राहिला की कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. पातळ थरावर जाड जेलकोट (बॉडीचा सर्वांत बाहेरचा रेझिनचा थर) मारलेला असेल तर हमखास. या भेगांवर पुट्टी भरणे म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणे. भेग शेवटपर्यंत व्ही आकारात उघडा आणि मागून ४० नंबरच्या डिस्कने खरवडा. जुन्या पॉलिस्टरला नवीन थर धरतो तो खरखरीवरच. भेग आरपार असेल तर जाडीच्या १२ पट रुंद उतार द्या. काचेच्या धाग्यांची ४५० ग्रॅमची मॅट, मॅटच्या वजनाच्या सव्वादोन पट रेझिन, हार्डनर दीड टक्का. रोलर फिरवून हवा काढा. हार्डनर जास्त घातला तर थर तापून ठिसूळ होतो, कमी पडला तर महिनाभर चिकट राहतो आणि वर मारलेला रंग उचलला जातो.

पुढची नऊ वर्षे ठीक गेली.

आमचे पहिले गिऱ्हाईक अजून आमच्याकडेच येते. त्या चार पॅनच्या प्रकरणात दुकानाला कुलूप लागणार अशी बोलवा झाली असतानाही त्या गृहस्थांनी आपली गाडी इथून हलवली नाही. गाडी म्हणजे खरी मँक्स, आखूड पॅनची, हिरव्या मेटलफ्लेकची, मूळ जेलकोट अंगावर असलेली. अशी बॉडी मिळणे दुर्मीळ, कारण बहुतेकांवर कुणी ना कुणी रंग मारून ठेवलेला असतो. मेटलफ्लेक रंगासारखी वरून मारलेली नसते. साच्यात आधी पारदर्शक जेलकोट, मग चमकी मिसळलेला जेलकोट, मग मागचा थर. पन्नास वर्षांत वरचा पारदर्शक थर पिवळा पडतो, आणि तो किती जाड उरला आहे हे बाहेरून कळत नाही. ६०० नंबरचा पाणकागद, भरपूर पाणी आणि बोटांखाली रबरी ठोकळा. खाली ओघळणारे पाणी दुधाळ असेतोवर तुम्ही पारदर्शक थर घासत असता. त्या दुधात हिरवी चमकी लकाकली की हात तिथल्या तिथे थांबवायचा. पुढचा एक फटका चमकीची टोके कापतो आणि तिथे करडा डाग राहतो तो कायमचा. ते बॉनेट आम्ही तीन दिवस घासले. मग १,०००, १,५०० आणि वरून टू-के क्लिअर (दोन भाग मिसळून मारायचे पारदर्शक लॅकर).

त्या गाडीत त्यांना बदलही हवे होते. पुढे डिस्क ब्रेक आम्ही बसवले, पण सांगूनच: बगीचे वजन मागे असते, पुढची चाके हलकी असतात आणि लगेच लॉक होतात, त्यामुळे जोर कमी ठेवावा लागतो. रोल बार (गाडी उलटली तर माणसांना वाचवणारी कमान) पॅनला बोल्ट केला, बॉडीला नाही. फायबरग्लासला टांगलेला रोल बार उलटलेल्या गाडीत बॉडीसकट उपटून येतो.

बीटलपेक्षा बगी खूप हलकी, म्हणून मूळ टॉर्शन बार (पिळावर चालणाऱ्या स्प्रिंगच्या सळ्या) तिला मागे उंच धरतात. स्विंग अॅक्सलच्या गाडीत, म्हणजे जिथे चाक अॅक्सलसकट झुलते, मागची चाके खालून आत वळतात आणि वळणावर चाक बॉडीखाली दुमडून गाडी उलटू शकते. बार आतल्या टोकाला ४० दातांचा, बाहेरच्या टोकाला ४४ दातांचा. आतला एक दात म्हणजे ९ अंश, बाहेरचा ८ अंश १० मिनिटे. आत एक दात एकीकडे, बाहेर एक दात उलटीकडे फिरवला की फरक पडतो फक्त ५० मिनिटांचा, म्हणजे अॅक्सलपाशी साधारण ६ मिलिमीटर. असे पायरीपायरीने उतरायचे. बारच्या बाहेरच्या टोकाची स्प्रिंग प्लेट तिला अडवणाऱ्या ओठावरून सोडवताना खाली जॅक आणि साखळी असू द्या. ती सुटली तर हाड मोडते.

इंजिन उघडे दिसावे म्हणून लोक पत्रे काढून टाकतात, ते आम्ही करू देत नाही. एअर-कूल्ड इंजिनात तो पत्राच हवेला सिलिंडरवर नेतो. जुन्या पद्धतीच्या ऑइल कूलरच्या इंजिनात तीन नंबरचा सिलिंडर त्या कूलरमुळे आधीच जास्त तापतो. पत्रा गेला की पहिला तोच बळी. व्हॉल्व्हचे अंतर थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटर, तेल अडीच लिटर, आणि ते वेळेवर बदला. दिव्यांच्या तक्रारींपैकी बहुतेक अर्थिंगच्या निघतात. फायबरग्लासमधून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्यापासून पॅनपर्यंत स्वतंत्र तपकिरी वायर हवी.

गेल्या महिन्यात त्या वर्कशॉपची एक बॉडी आमच्याकडे आली. मालकाला ती कुठून आली ते माहीत नव्हते. डाव्या मडगार्डच्या आत हात घातला आणि खळगा बोटाला लागला. पॅन जिगवर घेतला, कर्णात ९ मिलिमीटरचा फरक. टनेलचा सांधा उघडून पुन्हा टाके मारले आहेत, डॅशबोर्डखाली मॅटचे तीन थर चढले आहेत. आज सकाळी कर्ण मोजले तेव्हा फरक दीड मिलिमीटर होता. वेल्डचे तुकडे अजून थंड होत आहेत. संध्याकाळी पुन्हा मोजू.