‘अतिउपयुक्त’ म्हणण्याआधी

सभासद वस्तूंची परीक्षणं लिहितात आणि एकमेकांच्या परीक्षणांना श्रेणी देतात अशा एखाद्या संकेतस्थळावर इलेक्ट्रिक किटलीबद्दल कुणीतरी चारशे शब्द लिहिलेले असतात. शेवटची ओळ संपते आणि खाली प्रश्न येतो: हे परीक्षण तुम्हाला कितपत उपयोगी वाटलं? ‘अतिउपयुक्त’, ‘उपयुक्त’, ‘थोडंसं उपयुक्त’, ‘निरुपयोगी’ की ‘विषयाबाहेरचं’? बहुतेकांचं बोट इथे डोक्याला न विचारताच चालतं. मजकूर नीटनेटका दिसला की ‘अतिउपयुक्त’, लिहिणारा ओळखीचा असला तरी ‘अतिउपयुक्त’, आणि घाईत असलं तर पहिल्या दोन ओळी वाचून ‘अतिउपयुक्त’. एवढं औदार्य माणूस स्वतःच्या पैशाने सहसा दाखवत नाही. इथेही पैसा जातोच, पण तो तिसऱ्याच्या खिशातला. उद्या हेच परीक्षण यादीत सर्वांत वर बघून किटली मागवणारा तो तिसरा संकेतस्थळाचा सभासदही नसतो. त्याला आपलं नाव माहीत नाही, आणि आपल्याला त्याचं. मार्क द्यायचे ते त्याच्या वतीने, हे एकदा पक्कं धरलं की बरेच प्रश्न सोपे होतात आणि काही चांगलेच अवघड होतात.

हे काम तसं जुनं आहे. १९९९ साली सुरू झालेल्या एपिनियन्स या परीक्षणांच्या संकेतस्थळावर सभासद एकमेकांच्या परीक्षणांना श्रेणी देत, आणि ज्यांच्या मतावर भरवसा आहे अशांची यादीही ठेवत. या याद्या एकमेकींत गुंतून ‘विश्वासाचं जाळं’ तयार व्हायचं आणि त्यावरून कुणाला काय आधी दिसणार हे ठरायचं. लिहिणाऱ्यांना थोडीफार कमाईही होई. त्याच वर्षी स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या संकेतस्थळाने आणखी एक पायरी चढवली: प्रतिक्रियांना मार्क देणाऱ्यांनी ते नीट दिले का, हे दुसऱ्या सभासदांकडून तपासून घ्यायला सुरुवात केली. परीक्षकांवर परीक्षक. ऐकायला अति वाटतं, पण जिथे मार्कांवरून क्रम लागतो तिथे मार्कांचा बाजार भरायला वेळ लागत नाही, हे त्या लोकांना फार लवकर कळलं होतं.

पुन्हा किटलीकडे येऊ. ती घेणाऱ्याला काय कळायला हवं असतं? किती लिटरची, किती वॉटची, भरून ठेवली तर किती मिनिटांत उकळते, उकळल्यावर आपोआप बंद होते का, पाणी नसताना चुकून चालू राहिली तर काय होतं, झाकण एका हाताने उघडतं का, वायर किती लांब, आत तळाशी सांधा आहे की एकसंध स्टील, प्लॅस्टिकचा वास किती वेळा पाणी उकळून टाकल्यावर गेला, आणि तळाला क्षाराचा पांढरा थर बसल्यावर हात आत घालून घासता येतं का. यातलं सगळं एका परीक्षणात असायला हवं असं नाही. पण वापरल्याशिवाय कळणार नाहीत अशा दोन-तीन गोष्टी तरी हव्यात. लिटर आणि वॉट खोक्यावरही छापलेले असतात.

आणि लिहिलेलं तपासता येतं. समजा परीक्षणात आहे: ‘१५०० वॉटची, दीड लिटरची किटली, पाणी दोन मिनिटांत उकळतं.’ एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४.१९ किलोज्यूल ऊर्जा लागते. २५ अंशांचं दीड लिटर पाणी १०० अंशांपर्यंत न्यायचं तर सुमारे ४७१ किलोज्यूल. त्याला १५०० वॉटने भागलं की ३१४ सेकंद, म्हणजे सव्वापाच मिनिटं. तीही उष्णतेचा कणही वाया न घालवणाऱ्या किटलीला. खऱ्या किटलीचं अंग तापतं, वाफ सुटते, म्हणून प्रत्यक्षात सहाच्या आसपास. मग लिहिणारा खोटं बोलला का? तसंही नाही. अर्धा लिटर पाणी ठेवलं असेल तर पावणेदोन-दोन मिनिटं हा आकडा अगदी बरोबर आहे. पाणी किती घेतलं तेवढंच लिहायचं राहिलं. अशा वेळी ‘निरुपयोगी’ म्हणणं अन्याय आणि ‘अतिउपयुक्त’ म्हणणं आंधळेपणा. मधली श्रेणी द्यायची आणि खाली विचारायचं: ‘पाणी किती घेतलं होतं? पूर्ण भरून दोन मिनिटं जमायची नाहीत.’ नुसतं ‘अपुरं वाटलं’ लिहिण्यात अर्थ नाही. त्यातून लिहिणाऱ्याला काहीच दुरुस्त करता येत नाही, फक्त वाईट वाटून घेता येतं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो सहमतीचा. आपल्याकडे तीच वस्तू असते, आपण तिच्यावर खूश असतो, आणि कुणीतरी तिला दोन स्टार दिलेले असतात. बोट लगेच खालच्या श्रेणीकडे वळतं. पण प्रश्न ‘तुम्हाला पटलं का’ हा नव्हताच. दोन स्टार देणाऱ्याने कारण सांगितलं असेल, ‘हँडल आणि झाकणाचं बटण यांतलं अंतर जास्त आहे, लहान हाताच्या माणसाला अंगठा पोचत नाही,’ तर मोठ्या हाताच्या वाचकाला ही किटली घ्यायला हरकत नाही हेसुद्धा त्याच वाक्यातून कळतं. प्रतिकूल परीक्षण वाचून खरेदी नक्की होऊ शकते. त्याहून उपयोगी परीक्षण कोणतं?

ही सहमतीची ओढ नुसती अटकळ नाही. २००९ साली अमेझॉनवरच्या परीक्षणांच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की, परीक्षणाला किती जणांनी उपयुक्त म्हटलं याचा संबंध त्यातले स्टार इतरांच्या सरासरीपासून किती दूर आहेत याच्याशीही होता. आता, सरासरीपासून दूर जाणारे लोक लिहितातच वाईट, असंही कुणी म्हणू शकेल. म्हणून संशोधकांनी एक नामी युक्ती केली. जवळजवळ शब्दशः सारखाच मजकूर वेगवेगळ्या वस्तूंखाली चिकटवलेली परीक्षणं त्यांनी शोधून काढली. मजकूर तोच, दर्जा तोच, तरीही भोवतालची सरासरी बदलली की मतं बदलत होती. मजकूर-चोरांचा विज्ञानाला झालेला हा बहुधा एकमेव उपयोग.

श्रेण्यांच्या रेषा कुठे ओढायच्या हे प्रत्येकाने स्वतःपुरतं ठरवून ठेवावं, आणि शक्य तर प्रोफाइलवर लिहून टाकावं. नंतरची निम्मी भांडणं वाचतात. एक चाचणी फार कामाची आहे. परीक्षणातून कंपनीचं आणि मॉडेलचं नाव मनातल्या मनात पुसायचं. उरलेला मजकूर त्या प्रकारच्या कुठल्याही वस्तूला लागू पडत असेल, ‘दिसायला सुंदर, वापरायला सोपी, पैसे वसूल’, तर तो कितीही लांब असो, ‘थोडंसं उपयुक्त’च्या वर जात नाही. उलट सहा ओळींत ‘झाकणाची बिजागरी नवव्या महिन्यात सैल झाली, वॉरंटीत बदलून मिळाली, पण नवीही तशीच वाजते’ एवढंच असेल तर ते सरळ ‘उपयुक्त’. लांबीला मार्क देणं ही वाईट खोड आहे. कंपनीच्या माहितीपत्रकातला तक्ता उतरवून काढला की परीक्षण आपोआप लांब होतं. शंका आली तर त्यातलं एखादं जडजंबाल वाक्य उचलून अवतरणचिन्हांत शोधून बघावं. मूळ बहुतेकदा पहिल्याच पानावर सापडतं.

किती दिवस वापरून लिहिलं आहे, हे वस्तूप्रमाणे तोलावं. चार्जरची वायर किती लांब आहे हे पहिल्या दिवशी सांगता येतं, बॅटरी टिकते का हे नाही. वॉशिंग मशीनबद्दल चौथ्या दिवशी आवाज आणि पाण्याचा दाब यांवर बोलता येईल, दाराच्या रबरी गॅस्केटमधली काळी बुरशी दिसायला मात्र महिने जावे लागतात. लिहिणाऱ्याने वापराचा काळ प्रामाणिकपणे सांगितला आणि तेवढ्यापुरतंच बोलला, तर चार दिवसांचं परीक्षणही चांगलं. चार दिवसांत ‘अत्यंत टिकाऊ’ असा निर्वाळा देणाऱ्याला मात्र एक पायरी खाली.

शुद्धलेखनाबाबत हात सैल ठेवावा. ऱ्हस्व-दीर्घ चुकल्याने किटली गळायला लागत नाही. पण मॉडेलचा क्रमांक चुकला, मिलिलिटरच्या जागी लिटर पडलं, तर ती चूक भाषेची राहत नाही.

मग ‘विषयाबाहेरचं’ ही श्रेणी. ती रागाच्या भरात वापरायची नसते. ‘खोकं फाटलेलं आलं, कुरिअरवाला उद्धट होता, एक स्टार’ ही तक्रार खरी असेल, पण ती विक्रेत्याच्या नावापुढे लिहायची; किटलीविषयी ती काहीच सांगत नाही. तसेच ‘अजून उघडली नाही, पण पॅकिंग छान आहे, पाच स्टार’ असे उत्साही लोक. यांना मार्क देताना भीड वाटत नाही, कारण दोघेही अनोळखी असतात.

भीड वाटते ती ओळखीच्यांची, आणि खरा त्रास इथेच आहे. रोज एकमेकांचं वाचणारे दहा-बारा सभासद जमले की ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ सुरू व्हायला कुणी ठरवावं लागत नाही. त्याने आपल्या आठ परीक्षणांना वरची श्रेणी दिली. आता त्याच्या ढिसाळ नवव्याला मधली कशी द्यायची? भीड भिकेची बहीण म्हणतात, इथे ती भीक वाचकाला लागते. दोन उपाय चालतात. एक, नाव न बघता वाचायचं: पान थेट मजकुराशी आणायचं, श्रेणी मनाशी ठरवायची आणि मग वर जाऊन कुणाचं आहे ते बघायचं. नाव बघून श्रेणी बदलावीशी वाटली तर रोग कळला. दुसरा, ओळखीच्या माणसाला खालची श्रेणी देताना कारण आधी खासगी निरोपात कळवायचं आणि दुरुस्तीला एक-दोन दिवस द्यायचे. चांगले लिहिणारे दुरुस्ती करतात. न करणारे रुसतात. त्यांचं रुसणं परवडतं.

काही जण नुसते रुसत नाहीत, सूड उगवतात. एका रात्रीत आपल्या सगळ्या जुन्या परीक्षणांवर ओळीने ‘निरुपयोगी’ पडलेलं दिसतं. उत्तरादाखल त्याच्या परीक्षणांवर तेच करणं हा सर्वांत मूर्ख मार्ग. संकेतस्थळाच्या चालकांना मग दोन सारखेच गुन्हेगार दिसतात. तारीख, वेळ आणि परीक्षणांची नावं टिपून कळवायचं आणि त्याची पुढची परीक्षणं नेहमीच्याच मापाने मोजायची. शेवटचं जमत नसेल तर त्याला मार्कच देऊ नयेत. गप्प राहणं हीसुद्धा प्रामाणिक श्रेणी आहे.

खालची श्रेणी देणं क्रूर वाटतं आणि वरची देणं निरुपद्रवी, हा समज मात्र तपासून घ्यायला हवा. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका संकेतस्थळावरच्या एक लाखाहून अधिक प्रतिक्रियांपैकी काहींना, त्या प्रकट होताच, चिठ्ठ्या टाकल्यासारखं कुठलाही निकष न लावता एक अनुकूल मत देण्यात आलं, काहींना प्रतिकूल. एका फुकटच्या अनुकूल मताने अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. प्रतिकूल मताचं नुकसान पुढच्या वाचकांनी बऱ्याच अंशी भरून काढलं. म्हणजे लोक अन्यायाची दुरुस्ती करतात, खुशामतीची करत नाहीत. यातून निघणारा व्यावहारिक नियम सरळ आहे: आधीच्यांनी काय दिलंय ते श्रेणी ठरवेपर्यंत बघायचं नाही, आणि पहिलं मत आपलं असेल तर दुप्पट सावध राहायचं.

सुरुवातीच्या थोड्याच मतांमुळे होणारी चूक पुढे गणिताने थोडी सावरता येते. ३ पैकी ३ जणांनी चांगलं म्हटलेलं परीक्षण १०० पैकी ९० जणांनी चांगलं म्हटलेल्याच्या वर लावणं हा भाबडेपणा आहे. १९२७ साली अमेरिकन गणितज्ञ एडविन विल्सन यांनी दिलेल्या सूत्राने ९५ टक्के खात्रीची खालची मर्यादा, म्हणजे चांगलं म्हणणाऱ्यांचं खरं प्रमाण निदान किती धरायचं तो आकडा, काढली तर पहिल्याची सुमारे ०.४४ येते आणि दुसऱ्याची ०.८३. पण सूत्राला मैत्री ओळखता येत नाही. बाराच्या बारा मित्रांनी मत दिलं की तेच सूत्र मुकाट्याने ०.७६ दाखवतं.

एका बैठकीत फार परीक्षणं तपासू नयेत. पाच टाकाऊ वाचून झाली की सहावं साधारणसुद्धा तेजस्वी भासतं. बैठक संपवताना सुरुवातीची दोन-तीन पुन्हा उघडावीत. माप सरकलं असेल तर तिथे लगेच दिसतं.

बनावट परीक्षणांना खालची श्रेणी देऊन भागत नाही. एकाच दिवसात एकाच कंपनीच्या सात वस्तूंना पाच स्टार, त्यांत दोन वाक्यं जशीच्या तशी: हे चालकांना कळवायचं प्रकरण आहे. परीक्षणं गोळा करणं, तपासणं आणि प्रसिद्ध करणं यांसाठी २०१८ पासून आयएसओ २०४८८ हे आंतरराष्ट्रीय मानकच आहे. त्यातली चाळणी लावण्याची जबाबदारी संकेतस्थळाची. मात्र नुसत्या संशयावरून, पुरावा नसताना, चारचौघांत कुणाला विकला गेलेला म्हणू नये.

आणि दिलेली श्रेणी ही दगडावरची रेघ नव्हे. लिहिणाऱ्याने पाण्याचं प्रमाण भरलं की त्याच दिवशी श्रेणी वाढवायला हवी, नाहीतर दुरुस्तीची विनंती करायचा हक्क उरत नाही. उलटही घडतं. कंपनी नाव तेच ठेवते आणि आतली वस्तू बदलते: तळाचं स्टील पातळ होतं, वायर अर्ध्या हाताने आखूड होते. तीन वर्षांपूर्वीचं उत्तम परीक्षण आता भलत्याच किटलीची हमी देत वरच्या जागी बसलेलं असतं. त्याखाली तारीख घालून लिहावं की हे जुन्या आवृत्तीबद्दल आहे, नव्या किटलीच्या बुडावर अमुक क्रमांक छापलेला आहे. लिहिणाऱ्याने सुरुवातीलाच तशी ओळ टाकली तर वरची श्रेणी राहू द्यावी. महिनाभर काहीच हालचाल झाली नाही तर ‘उपयुक्त’वर आणावी, आणि कारण त्याच कमेंटमध्ये जोडावं.