विडी वळून झिजलेले अंगठे अन् बचत गटाचं खातं – माझा अनुभव

आमची टीम म्हणजे मी (मेकॅनिकलचा शिक्षक), एक स्किनचा डॉक्टर मित्र, एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) करणारी एक मुलगी आणि तिची लॉ कॉलेजातली मैत्रीण. 2023 ला ठरवलं की सोलापूरच्या विडी घरकुलातल्या (विडी कामगारांची वसाहत) 12 अक्कांचा बचत गट करायचा, मंगळवेढ्याच्या मालदांडीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकायची, म्हणजे अख्खं घर विडीच्या मजुरीवर नको. भाकरी वाळवायचा ड्रायर पंधरा दिवसात झाला. खाद्यपदार्थ विकायची सरकारी नोंदणी ऑनलाइन झाली, उलाढाल 12 लाखाच्या आत म्हणून तेव्हा वर्षाला 100 रुपये फी होती, विषय संपला.

आणि मग बँक. अडीच महिने गेले राव, एका सेव्हिंग खात्यासाठी.

नाव घेत नाही बँकेचं. साहेब म्हणाले सगळ्या 12 जणींचं केवायसी (ओळखीची पडताळणी) आधारवर अंगठा लावून होणार, सगळ्यांना आणा. विडीची मजुरी बुडवून दोन रिक्षात कोंबून आल्या बिचाऱ्या. सात जणींचा अंगठा लागला, पाच जणींना लाल लाईट. अध्यक्ष अक्कांनी पदराला बोट पुसून पुसून नऊ वेळा लावला, मी मोजत होतो. साहेब म्हणतात, "जोरात दाबा की." अक्का म्हणाल्या, "तीस वर्षं दाबूनच तर रेघा गेल्यात साहेब." तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचा अंगठा नीट बघितला. पान गुंडाळून, विडीचं तोंड नखानं दुमडून दुमडून शेंडा काचेसारखा गुळगुळीत झालेला.

डॉक्टर म्हणाला दोन दिवस विडी वळू नका, रात्री खोबरेल तेल लावा. आम्ही माना डोलावल्या. एमएसडब्ल्यूवाली म्हणाली, दोन दिवसाची मजुरी कोण देणार? खरंच, आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच नव्हतं. वर्गणी काढून दिली. तेल लावून गेलो तर सर्व्हर डाऊन! पुढच्या खेपेला पाचपैकी दोघींचं जमलं. मी म्हटलं बुबुळ स्कॅन करा, तर ते मशीन त्या शाखेत नाही. ओटीपी म्हटलं तर अक्कांच्या आधारला लेकाचा जुना नंबर, तो पुण्यात, सिम कधीच बंद. मग अध्यक्षच बदलू असा शॉर्टकट एकाने सुचवला (मीच तो), अक्का दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

सुटलं ते लॉवालीमुळे. तिने रिझर्व्ह बँकेचे 2016 चे केवायसीचे निर्देश काढले, त्यात सरळ लिहिलं होतं की बचत गटाचं सेव्हिंग खातं उघडताना सगळ्या सदस्यांचं केवायसी लागत नाही, पदाधिकाऱ्यांचं पुरे, बाकीच्यांचं कर्जाच्या वेळी बघता येतं. म्हणजे त्या दोन रिक्षा, ती बुडालेली विडी, सगळं फुकट! प्रिंट काढून त्या ओळीवर पिवळा मार्कर मारला. साहेबांनी दोनदा वाचलं, वर फोन लावला आणि मलाच म्हणाले, "हे आधी नाही का सांगायचं?" काय बोलणार बे आता.

सचिव आणि कोषाध्यक्षाचं आधीच झालेलं, राहिल्या अध्यक्ष अक्का. आधार केंद्रात नेलं, तिथे बुबुळ स्कॅन करून काम झालं, स्वतःचा मोबाइल नंबर जोडला, मग ओटीपीवर पाच मिनिटात केवायसी. त्यामुळे बँकेत जायच्या आधी तिघी पदाधिकाऱ्यांच्या आधारला चालू नंबर आहे का तेवढं बघाच, आणि आधार-पॅनवरचं आडनावाचं स्पेलिंगपण, आपल्याकडे तेलुगू आडनावं प्रत्येक कागदावर वेगळी असतात.

आणि हो, गटाचा रबरी शिक्का आधीच करून घ्या. सगळं झाल्यावर खातं उघडायच्या गटाच्या ठरावावर शिक्का नाही म्हणून त्या दिवशी आम्हाला परत पाठवलं होतं.