पिल्लू बघण्याआधी त्याची आई बघावी

मुधोळ किंवा कारवानी म्हणतात त्या शिकारी कुत्र्याचे चांगले पिल्लू कुठे मिळेल, असे खानापूर, बेळगाव, निपाणी भागातली माणसे मला वरचेवर विचारतात. आमच्या घरी वडिलांच्या काळापासून ही कुत्री आहेत, शेतवस्तीवर ती हवीच असतात, आणि त्यामुळे सीमाभागात कोण कशी पैदास करतो याची थोडीफार माहिती माझ्याकडे जमत गेली आहे. तरीही मी आता कोणाला पत्ता सांगत नाही. एवढेच सांगते, की कुठेही जा, पण पिल्लाची आई बघायला मागा, आणि तीसुद्धा ती जिथे राहते तिथे जाऊन, दिवसाउजेडी. विकणारा आई दाखवायला कां-कूं करू लागला, की पिल्लू कितीही देखणे असले तरी तिथून निघावे.

अशा वेळी ऐकायला मिळणारे उत्तर ठरलेले असते. "ताई, आई बघून काय करणार? पिल्लू कसं खेळतंय ते बघा की!" पिल्लू खेळतेच. चार-पाच आठवड्यांचे कोणतेही पिल्लू खेळते, आणि त्याचे डोळे बघून घेणाऱ्याचा निम्मा विचार तिथेच संपतो. त्या घरात कुत्र्यांचे काय चालते, हे कळण्यासाठी मात्र मादीकडेच बघावे लागते. चिकोडीकडच्या एका उसाच्या मळ्यात मी आग्रह धरला, तेव्हा मोटारीच्या खोलीमागे बांधलेली मादी मला दाखवण्यात आली. तिची आचळे पार लोंबत होती, कोपरांवरचे केस जाऊन तिथे घट्टे पडले होते, आणि नखे एवढी वाढली होती की पंजा जमिनीवर सपाट टेकत नव्हता. धावण्यासाठीच जिची ओळख आहे त्या जातीच्या कुत्रीची नखे वाढतात, याचा अर्थ ती कित्येक महिन्यांत साखळीबाहेर गेलेली नाही. तिची पिल्ले पुढच्या अंगणात, धुतलेल्या फरशीवर, गळ्यात लाल रिबिनी बांधून ठेवली होती.

मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. प्रत्येक माजाला नर लावला, तर वर्षाला जवळपास दोन वेते होतात. दोन महिने गर्भ, मग दोन महिने दूध, आणि अंगावर मांस चढण्याआधीच पुन्हा नर, असे ते चक्र चालते. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासंबंधी केंद्र सरकारने २०१७ साली जे नियम केले, त्यांत हे चक्र थांबवण्याची तरतूद आहे. मादी अठरा महिन्यांची होईपर्यंत तिला नर लावायचा नाही, लागोपाठच्या दोन माजांना पिल्ले घ्यायची नाहीत, आयुष्यभरात पाचांहून अधिक वेते घ्यायची नाहीत, आठ वर्षांच्या पुढे तर मुळीच नाही, आणि पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधी विकायचे नाही. पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करणेही बंधनकारक आहे. नियम चांगले आहेत आणि मला ते मनापासून पटतात. पण हे इंग्रजीतले नियम आणि कन्नडमधले सरकारी कामकाज आमच्या मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचलेलेच नाहीत. शिवाय निपाणीतले पिल्लू कागल ओलांडून तासाभरात कोल्हापूरला जाते. विकणारा एका राज्याच्या मंडळाखाली आणि घेणारा दुसऱ्या राज्यात, अशा वेळी तक्रार कुठे करावी हेच घेणाऱ्याला उमगत नाही. म्हणून माझी भिस्त कायद्यापेक्षा घेणाऱ्याने विचारलेल्या प्रश्नावर अधिक आहे.

आठ आठवड्यांच्या अटीवर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. पिल्लू लहानपणीच घरात आले म्हणजे माया लागते, असे घेणाऱ्याला वाटते, आणि पाचव्या आठवड्यानंतर पिल्लांच्या खाण्याचा खर्च वाढतो, हे विकणाऱ्याला दिसत असते. दोघांचाही हिशेब पिल्लाच्या मुळावर येतो. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती त्याच सुमारास ओसरू लागते, आणि पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूरोगाची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान द्यायची असते. तिचे पुढचे डोस सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत चालू राहतात. या नाजूक काळात खोक्यात घालून रात्रीच्या बसने पाठवलेले पिल्लू नव्या घरी पोहोचल्यावर आठवडाभरात रक्ताची हगवण लागून दगावते, आणि विकणारा म्हणतो की आमच्याकडून निघताना ते ठणठणीत होते. दुसरी गोष्ट वागण्याची. चावा किती जोरात घ्यायचा, समोरचा कळवळला की कधी सोडायचे, हे पिल्लू आई आणि भावंडांबरोबर खेळतानाच शिकते. मार्च २०२४ मध्ये केंद्राने तेवीस जाती धोकादायक ठरवून त्यांची विक्री आणि पैदास थांबवण्याचे परिपत्रक काढले, आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. संबंधितांचे म्हणणे न ऐकताच ते काढले होते, हे त्यामागचे मुख्य कारण होते. त्या काळात आमच्याकडच्या कट्ट्यांवर जातींवरून मोठी चर्चा झाली. आईपासून चौथ्या आठवड्यात तोडलेल्या आणि पुढे सदैव साखळीला असलेल्या कुत्र्याविषयी, मग ते कोणत्याही जातीचे असो, त्या चर्चेत कोणी फारसे बोलले नाही, याचे मला वाईट वाटले.

आता मुधोळविषयी थोडे. बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ हे घोरपडे घराण्याचे संस्थान होते, आणि राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली, इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना जोडी भेट दिली, हे आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर जी तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. २०१६ च्या सुमारास सैन्याने प्रशिक्षणासाठी ही कुत्री मेरठला नेली, आणि २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात या जातीचा उल्लेख केला. मुधोळ तालुक्यातल्या तिम्मापूरला या जातीसाठी पशुवैद्यकीय विद्यापीठाचे संशोधन केंद्रही आहे. या सगळ्याचा मला अभिमान आहे. त्याचबरोबर, प्रत्येक प्रसिद्धीनंतर मागणी वाढते आणि मागणी वाढली की मोटारीच्या खोलीमागे बांधलेल्या माद्याही वाढतात, हेही मी पाहिले आहे. गोकाक, हुक्केरी, अथणी या पट्ट्यात कालपर्यंत ज्यांनी एकही कुत्रे पाळले नव्हते, त्यांनी जोडी आणून धंदा मांडला.

जोडी आणून मांडलेल्या धंद्यात एक धोका लपलेला असतो. ती जोडी बहुधा एकाच वेताची, म्हणजे सख्ख्या भावंडांची असते. सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या संकरातून झालेल्या पिल्लात, कोणत्याही जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता २५ टक्के असते. सावत्र भावंडांत ती साडेबारा टक्क्यांवर येते. दडलेला दोष असेल तर तो अशा पिल्लांत वर येतो. शिवाय वेते लहान होत जातात आणि पिल्लांची काटकताही हळूहळू कमी होते. गावागावांत एकच गाजलेला नर सगळ्यांना लावला गेला, तरी काही वर्षांनी परिणाम तोच होतो. जुन्या मंडळींना हे गणित मांडता येत नसेल, पण 'ही अमक्याच्या वस्तीवरची, हिला तमक्याचा नर नको' एवढे त्यांना तोंडपाठ असे. आता कुत्री तालुके ओलांडून जातात, तेव्हा तोंडपाठ माहिती पुरत नाही. हुक्केरीजवळ एक कुटुंब असे आहे, जिथली आजी दिनदर्शिकेच्या चौकोनात नर लावल्याची तारीख लिहिते, तिथून त्रेसष्टाव्या दिवसाभोवती खूण करते, आणि व्यायल्यावर प्रत्येक पिल्लाच्या अंगावरचा ठिपका, वजन आणि पुढे ते कोणाच्या घरी गेले हे शाळेच्या दुरेघी वहीत उतरवते. मादीची आई, आजी, पणजी त्या वहीत सापडतात. कोणत्याही क्लबच्या कागदापेक्षा त्या वहीवर माझा विश्वास अधिक आहे. कागदावर छापलेली वंशावळ खरी आहे की नाही हे घेणाऱ्याला तपासता येत नाही, पण आजीच्या वहीतली मादी समोर ओसरीवर निजलेली असते.

याच्या उलट बाजूला लॅब्रडॉरची बाजारपेठ आहे. 'डबल बोन' (जाड हाडांचे), 'पंच फेस' (आखूड, रुंद तोंडाचे) असे शब्द वापरून जाडजूड पिल्ले विकली जातात, आणि ते वजन पुढे त्या कुत्र्याच्या खुब्यांवर येते. लॅब्रडॉर आणि जर्मन शेफर्ड या जातींत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष मुळातच जास्त आढळतो. आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे काढून मगच नर लावणारा माणूस माझ्या पाहण्यात या भागात क्वचितच आला.

रस्त्यावर इतकी कुत्री असताना पैदास करावीच का, असा प्रश्न बेळगावातली तरुण मंडळी विचारतात, आणि तो प्रश्न टाळण्यासारखा नाही. मी त्यांच्याशी अर्धी सहमत आहे. घरात सोबत हवी आहे एवढ्यासाठीच कुत्रे घ्यायचे असेल, तर रस्त्यावरचे पिल्लू उत्तम. ते आपल्या हवेला आणि अन्नाला सरावलेले असते. लस आणि नसबंदीची शस्त्रक्रिया झाली की ते दहा-बारा वर्षे सुखाने राहते. पण मुधोळसारखी जात कोणीच वाढवली नाही तर ती नाहीशी होईल, आणि धनगरांच्या वाड्यावर, उसाच्या राखणीला तिचे काम आजही आहे. म्हणून पैदास बंद करा असे मी म्हणणार नाही. मात्र रस्त्यावरच्या कुत्र्यांचा आणि पैदाशीचा संबंध नाही, असे जे पैदासवाले म्हणतात, ते मला मुळीच मान्य नाही. नर पिल्ले आधी उचलली जातात आणि माद्या मागे राहतात. त्या पोत्यात घालून आठवडी बाजाराच्या कडेला किंवा दुसऱ्या गावच्या वेशीवर सोडल्या जातात, आणि वर्षभराने त्याच तिथे वितात. पाळीव जनावर असे सोडून देणे हा प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. वेतातल्या माद्यांना घर मिळण्याची खात्री नसेल, तर त्या मादीला नर लावण्याचा हक्क आपल्याला नाही, असे मला वाटते. यावर माझ्याशी भांडण झालेली जवळची माणसे आहेत.

नसबंदीच्या बाबतीत पाळणाऱ्यांची मने अजून कचरतात. 'एकदा तरी व्यायला पाहिजे, नाहीतर आजारी पडते' हे वाक्य सुशिक्षित घरांतही ऐकू येते, आणि ते साफ चुकीचे आहे. पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झालेल्या मादीला स्तनांच्या गाठींचा धोका फारच कमी राहतो, आणि न केलेल्या मादीला उतारवयात गर्भाशयात पू होऊन जिवावर बेतू शकते. मोठ्या जातींत शस्त्रक्रियेचे नेमके वय कोणते असावे, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारूनच ते ठरवावे. मुधोळवाल्यांनी एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावी. या जातीच्या अंगात चरबी अगदी कमी असते, त्यामुळे भुलीच्या काही जुन्या औषधांचा अंमल उतरायला तिला बराच वेळ लागतो. ही शिकारी बांध्याची मादी आहे, हे टेबलावर घेण्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घालावे.

पाच वेते झाली, आठ वर्षे झाली, आता त्या मादीचे काय, हा प्रश्न पिल्लू घेणारा कधीच विचारत नाही. विचारायला हवा, कारण बऱ्याच ठिकाणी तिची भाकरी तिथेच तुटते. हुक्केरीजवळच्या त्याच कुटुंबाने यावर आपल्यापुरता मार्ग काढला आहे. निवृत्त मादीची शस्त्रक्रिया ते स्वखर्चाने करतात, आणि ओळखीतल्या एखाद्या घरी तिला बिनपैशात देतात. अट एकच असते. तिला साखळीवर ठेवायचे नाही, आणि काही कारणाने सांभाळणे जमले नाही तर परत त्यांच्याच दारी आणून सोडायचे. मोठ्या कुत्र्याला नव्या घराचा लळा लागत नाही, असा समज आहे. माझा अनुभव तसा नाही. अशी एक मादी सध्या आमच्याकडे आहे. पहिले काही दिवस ती जेवली नाही, नंतर अंगणातले नारळाचे झाड तिने आपले ठरवले, आणि आता सकाळी दूधवाल्याची फटफटी वळणावर आली की फाटकाशी जाऊन उभी राहते. पिल्लाची चावाचावी, रात्रीचे रडणे, जागोजागी मुतणे यांसाठी ज्यांच्या घरी वेळ नाही, विशेषतः जिथे दोघेच वयस्क राहतात, त्यांनी पिल्लाऐवजी अशी मादी मागावी. पुढच्या महिन्यात त्या कुटुंबाकडची आणखी एक मादी मोकळी होणार आहे. खानापूर किंवा बेळगाव तालुक्यात कुंपण असलेले अंगण ज्यांच्याकडे आहे आणि जे तिला रोज सकाळी मोकळे धावू देतील, त्यांनी मला कळवावे. देण्याआधी ते लोक तुमचे घर बघायला येतील, हे मात्र ध्यानात ठेवावे.