साडेतीन किलोमीटर पाण्याखालचा मऊ चिखल

नववीत भूगोलाच्या तासाला समुद्रबूड जमीन आणि खंडान्त उतार चालू होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, वर एवढं पाणी, मग तळातल्या चिखलाचा दगडच होत असेल ना?" वर्ग हसला, सर हसले नाहीत. पुढच्या तासाला ते खाडीतला चिखल पाण्यात कालवून बरणी भरून घेऊन आले. गाळ बसत जाईल तशा आम्ही काचेवर खुणा करायच्या. आधी भराभर खाली गेलेल्या खुणा पुढे जागच्या हलेनात.

पुढे मी समुद्राच्या गाळावरच पोट भरलं, तेव्हा राहिलेलं उत्तर इथे देतो. पाण्याच्या वजनाने चिखल घट्ट होत नाही. साडेतीन किलोमीटर खोलीवर हवेच्या सुमारे ३५० पट दाब असतो खरा, पण तेच पाणी कणांमधल्या फटींतही असतं आणि तेवढ्याच जोराने आतून रेटतं. म्हणून तिथला वरचा चिखल बोट रुतेल इतका मऊ, आकारमानाने बहुधा ७० ते ८० टक्के पाणीच.

घट्ट करतो तो वर साचत जाणारा गाळ, आणि तोही फटींतलं पाणी बाहेर पडलं तरच. चक्क्यासाठी दही बांधून वर कितीही जड पाटा ठेवा, पाण्याला वाट नसेल तर चक्का होत नाही. मातीच्या अभियांत्रिकीचा पाया घालणाऱ्या कार्ल टर्झागी यांनी इस्तंबूलला शिकवत असताना हे प्रयोगांतून शोधलं आणि १९२५ मध्ये ग्रंथात मांडलं: एकूण भारातून फटींतल्या पाण्याचा दाब वजा करा, उरेल तो कणांच्या वाट्याचा. आमच्या धंद्यात याहून सोपी वजाबाकी नाही, आणि विसरतात तीही हीच.

वाळूतून पाणी पटकन निघतं, चिकणमातीतून निघता निघत नाही. त्यात सह्याद्रीचा काळा पाषाण झिजून खाडीत येणाऱ्या मातीत स्मेक्टाइट हे पाण्याने फुगणारं खनिज भरपूर, ते तर पाणी धरूनच ठेवतं. गाळ भराभर साचला की खालचं पाणी कोंडतं, वरचा भार स्वतःच पेलतं, आणि खोल गाडलेला थरही कच्चाच राहतो. खंडान्त उतारावर असा थर असला की वरचं सगळं घसरू शकतं. २०१५ मध्ये 'जॉइडेस रिझोल्यूशन' या समुद्रतळ खोदणाऱ्या संशोधन-जहाजाने अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात तळाखाली ११०० मीटरपर्यंत छिद्र घेतलं, तेव्हा पश्चिम भारताच्या किनाऱ्याकडून सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी घसरून गेलेला ३०० मीटरहून जाड ढिगारा लागला. त्याला 'नटराज' म्हणतात.

खाजणावर रस्त्याचा भराव घालताना इंजिनिअर आता आधी मातीत उभ्या निचरा-पट्ट्या खोचतात. पाण्याला जवळची वाट मिळते आणि वर्षानुवर्षं चालणारं खचणं काही महिन्यांत उरकतं. आपल्या खाडीवरच्या रस्त्याला त्या कुणी घातल्या नसाव्यात, हे एसटीत मागच्या सीटवर बसणाऱ्याला सांगावं लागत नाही.