दगडी कुंडांच्या वाटेनं वॉल्सिंगहॅम

इंग्लंडच्या नॉर्फोक परगण्यातल्या वॉल्सिंगहॅम या जुन्या तीर्थाकडे आम्ही चालत निघालो होतो. कॅसल एकर गाव मागे पडलं आणि टाचेचा फोड फुटला. तिथल्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या कुंडावर पंधराव्या शतकातलं मनोऱ्यासारखं उंच लाकडी झाकण आहे. ते डोळे भरून पाहायचं होतं, पण आमचा म्होरक्या घड्याळाचा पक्का. देवाकडे निघालेल्यांनी देवाच्याच दारावरून धावत सुटायचं, हे मला अजून पटलेलं नाही. माझी वारी तर या कुंडांसाठीच होती.

उन्हं तापली. नॉर्फोकच्या शेतातली ती सरळ वाट संपता संपेना. पुढचे लोक गात होते आणि मला ते गाणं नकोसं झालं होतं. एका लहानशा गावात मी मागेच थांबले. चर्चला कुलूप होतं. ओसरीवरच्या चिठ्ठीत किल्ली कुणाकडे मिळेल ते लिहिलं होतं. लंगडत गेले. दार उघडणाऱ्या आजींनी माझ्या तोंडाकडे न बघता आधी पायाकडे बघितलं. "किल्ली नंतर. आधी बसा." टबात कोमट पाणी, मीठ, स्वच्छ फडकं. माझा पाय त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला. मी संकोचून ओढून घेऊ लागले, तर म्हणाल्या, "हलू नका." पट्टी बांधली, नवऱ्याचे जाड लोकरी मोजे घातले, चहा पाजला. मला रडू आलं.

मग आजी स्वतःच किल्ली घेऊन बरोबर आल्या. कुंड दाराजवळच, कारण बाप्तिस्मा म्हणजे मंडळीत प्रवेश. आत शिशाचं अस्तर, बाळ बुडवता येईल एवढी खोली. काठावर जुन्या लोखंडी कड्यांच्या खुणा. ईस्टरला आशीर्वादित केलेलं पाणी महिनोन्‌महिने कुंडातच राही आणि लोक ते जादूटोण्यासाठी पळवत. म्हणून १२३६ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी कुंडांना कुलपं लावायला सांगितलं. आजींचा, त्यांच्या आईचा, नातवंडांचा बाप्तिस्मा इथलाच. सांगताना त्यांचा हात काठावरून फिरत होता.

माझ्या आजोबांचा बाप्तिस्मा नगर जिल्ह्यात पितळी भांड्यातल्या पाण्यानं झाला. ते भांडं आमच्याकडे कुठून आलं, हे मला त्या गार दगडापाशी उमगलं. १६४५ मध्ये इंग्लंडच्या प्युरिटन, म्हणजे कडव्या सुधारणावादी प्रोटेस्टंट, संसदेनं उपासनेची नवी पद्धत लावली आणि जुन्या कुंडांच्या जागी बाप्तिस्मा द्यायला मनाई केली. साधी भांडी आली. कितीतरी कुंडं बाहेर फेकली गेली, गुरांना पाणी पाजायला लागली. १६६० मध्ये राजसत्ता परतल्यावर काही परत आणली, काही नवी घडवली. त्याच प्युरिटनांच्या परंपरेतले अमेरिकन मिशनरी १८३१ मध्ये नगरला आले. म्हणजे कुंडं हलवणारे माझेच पूर्वज म्हणायचे. आजोबांच्या भांड्यावरची माझी माया यानं कमी झाली नाही, पण त्या दगडापुढे मान खाली गेली.

पुढे टॉफ्ट्रीस गाव. मग स्कल्थॉर्प: बाराव्या शतकातल्या चौकोनी कुंडावर बाळ येशूच्या दर्शनाला आलेले मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी. हॉटनला स्लिपर चॅपेल या छोट्या प्रार्थनाघरापाशी, शेवटचा मैल अनवाणी चालायची रीत म्हणून, सगळ्यांनी बूट काढले, मीही काढले, मोजे मात्र ठेवले. शेवटचा मैल गात गेले. सकाळचा राग कुठं गेला कळलं नाही. वॉल्सिंगहॅमचा मठ १५३८ मध्येच मोडला. त्याची उरलेली कमान पाहिली.

लिटल वॉल्सिंगहॅमच्या सेंट मेरी चर्चमधलं कुंड अष्टकोनी आहे: सात बाजूंना सात संस्कार, आठवीवर वधस्तंभ. कोरलेल्या माणसांचे चेहरे छिन्नलेले. संस्कार सात नव्हेत, दोनच, असं आम्ही प्रोटेस्टंट मुलांनी लहानपणी पाठ केलं होतं. तरी त्या फुटक्या चेहऱ्यांवरून माझा हात हलेना. १९६१ मध्ये हे चर्च आगीत जळालं. कुंड वाचलं, आणि लोकांनी त्याच्याभोवती चर्च पुन्हा उभं केलं.

म्होरक्या बाहेरून हाका मारत होता. फलकावर येत्या रविवारच्या एका बाप्तिस्म्याची सूचना होती. बाळाचं नाव वाचलं आणि त्याच्यासाठी तिथंच मोठ्यानं, मराठीत प्रार्थना केली. हाकांना उत्तर नंतर दिलं.